धुराच्या गाडीपेक्षा एक भिंग बरं

श्रावण लागायच्या सुमारास कोकणातल्या गावागावांत धुराचं मशीन बाहेर निघतं. कुणाच्या तरी घरी डेंग्यूचा पेशंट निघालेला असतो, वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरडाओरडा झालेला असतो, आणि मग ग्रामपंचायतीचा माणूस खांद्याला मशीन अडकवून डिझेलच्या धुराचा लोट सोडत पाणंदीतून जातो. "धूर मारूक इलेत रे" म्हणत पोरं मागे धावतात. घरातली माणसं खिडक्या-दारं धडाधड लावून घेतात, कारण धूर आत आला की भांड्याकुंड्यांना वास बसतो. डेंग्यूचा डास नेमका त्या बंद दारांच्या आत असतो. एडिस इजिप्ती हा दिवसा चावणारा, माणसाच्या घरात राहणारा डास. खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, माळ्याच्या काळोखात तो बसून असतो. धुरातलं औषध लागतं ते त्या घटकेला हवेत उडणाऱ्या डासाला. परसातल्या करवंटीत वळवळणाऱ्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही, आणि चार दिवसांत त्यांतून नवी फौज बाहेर पडते. धुरळणी हा साथीच्या आणीबाणीतला, बाकीच्या कामांच्या जोडीने करायचा उपाय आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. आपल्याकडे तोच मुख्य कार्यक्रम होऊन बसला. धूर दिसतो, त्याचा फोटो निघतो, काहीतरी झालं असं सगळ्यांना वाटतं. यात सरपंचांचा दोष मी कमीच धरतो. धूर मारला नाही तर लोक शिव्या त्यांनाच घालतात.

माझं म्हणणं असं की या धुरावर जाणाऱ्या पैशातला थोडा हिस्सा डासाच्या अळीचं पोट उघडून आत काय आहे ते बघणाऱ्या माणसावर खर्च व्हायला हवा. ऐकायला हे विक्षिप्त वाटेल. गावात ताप आहे आणि हा गृहस्थ अळीच्या पोटात काय शोधतोय, असं कुणीही विचारेल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डासही आजारी पडतो, हे सहसा आपल्या डोक्यात येत नाही. हिवतापाचंच बघा. प्लाझमोडियम हा एकपेशीय आदिजीव. त्याचं नर-मादीचं मीलन डासाच्या जठरात होतं, जठराच्या बाहेरच्या अंगाला त्याच्या गाठी वाढतात, त्या फुटल्या की तो लाळग्रंथींत जाऊन पुढच्या चाव्याची वाट बघतो. म्हणजे माणसाला हिवताप व्हायच्या आधी डासाला लागण झालेली असते. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस डासाच्या जठरावर याच गाठी पाहिल्या, आणि म्हणून 20 ऑगस्टला जगभर डास दिन पाळतात. त्याच रॉस यांच्या नावावर आणखी एक जीव आहे, त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. एडिसच्या पोटात राहणारा एक ग्रेगरिन. 1898 मध्ये त्यांनी त्याचं वर्णन केलं आणि आज शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅस्कोग्रेगरिना क्युलिसिस म्हणतात. हाही आदिजीवच, प्लाझमोडियमचा लांबचा भाऊबंद, पण याला माणसाशी काही देणंघेणं नाही. त्याचा सगळा संसार डासात.

हा संसार कसा चालतो ते बघण्यासारखं आहे. पाण्यात पडलेले त्याचे बीजाणू एडिसची अळी खाता खाता गिळते. प्रत्येक बीजाणूत आठ सूक्ष्म जीव असतात. ते आतड्याच्या पेशींत शिरतात, तिथे वाढतात, मग बाहेर येऊन आतड्याच्या पोकळीत राहतात. अळीचा कोष झाला की ते मुक्काम हलवतात आणि उत्सर्गनलिकांत जातात, म्हणजे जे काम आपल्याकडे मूत्रपिंड करतं त्या नळ्यांत. तिथे जोड्या जमतात, नवे बीजाणू तयार होतात, आणि डास पाण्याजवळ विष्ठा टाकतो किंवा पाण्यात मरून पडतो तेव्हा ते पुन्हा पाण्यात मिसळतात. ज्या करवंटीत डास जन्मला तीत किंवा शेजारच्या डब्यात. आपल्याकडच्या बागांत सर्रास आढळणारा पांढऱ्या पट्ट्यांचा डास, एडिस अल्बोपिक्टस, त्याचा स्वतःचा वेगळा ग्रेगरिन आहे, अ‍ॅस्कोग्रेगरिना तैवानेन्सिस.

हे बघायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. काचपट्टीवर थेंबभर पाण्यात अळी घ्यायची, एका सुईने डोक्याशी दाबून धरायची, दुसऱ्या सुईने शेपटीकडचा शेवटचा भाग हलकेच ओढायचा. हात सराईत असला तर अख्खं आतडं सलग बाहेर सरकतं. ग्रेगरिन असला तर दहाच्या भिंगाखाली दिसतो: दुधी, लांबट, एका टोकाला रुंद, आणि त्यात केंद्रकाचा स्वच्छ गोल ठिपका. कधी सुई लावायचीही गरज पडत नाही. मायक्रोस्पोरिडिया नावाच्या दुसऱ्या एका टोळीची लागण झालेली अळी नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते, तिच्या अंगात खडूसारखे पांढरे पट्टे पडलेले असतात. आणि काही अळ्यांच्या अंगावर व्हॉर्टिसेला नावाचे देठावरचे घंटाकृती जीव इतके दाटलेले असतात की अळीला धड पोहता येत नाही. पांढऱ्या बशीत पावसाचं पाणी घेऊन उन्हात धरलं तरी एवढं कळतं.

आता इथवर वाचून कुणाच्याही तोंडात येईल: मग सोडा की हे जीव पाण्यात! काट्याने काटा काढू. नेमकं इथेच थांबायला हवं असं मला वाटतं. नैसर्गिक म्हणजे चांगलं, रसायन म्हणजे वाईट, अशी एक सोपी समजूत आपल्याकडे हल्ली जोरात आहे आणि बाटल्यांत भरून काहीबाही विकणारेही गावोगाव फिरतात. ग्रेगरिनचंच उदाहरण घ्या. अळीला पोटभर खायला असेल तर ती हा पाहुणा सहज पोसते. पाण्यात पालापाचोळा कमी, अळ्यांची दाटी जास्त, अशा वेळी तिला तो जड जातो. म्हणजे डास मारण्याचं औषध म्हणून त्याची मजल बेताचीच. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुण्यातून आली. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चिकुनगुन्याची लागण झालेल्या एडिसमधून ग्रेगरिनचे बीजाणू काढले आणि ते निरोगी अळ्यांना खाऊ घातले. त्या अळ्यांपासून झालेल्या डासांत विषाणू मिळाला. ज्याला आपण डासाचा शत्रू समजून पाण्यात सोडायला निघालो होतो, तो विषाणूची बॅग सांभाळणारा हमाल निघू शकतो.

आपल्या राज्याला हा मुद्दा परका नाही. 1973 मध्ये बार्शीला चिकुनगुन्याची मोठी साथ आली, नंतर तीस-बत्तीस वर्षं हा आजार देशातून जवळजवळ नाहीसा झाला आणि 2005-06 मध्ये पुन्हा उसळला. मधल्या काळात विषाणू इथेच कुठे दडून होता का, ग्रेगरिनच्या बीजाणूंत वगैरे, अशी शंका येणं साहजिक होतं. पण 2005 नंतरचा विषाणू तपासला तर तो आफ्रिकी कुळातला निघाला, बार्शीच्या वेळचा आशियाई कुळातला होता. तेव्हा ती साथ बाहेरून आली असंच मानावं लागतं. एका प्रयोगावरून मोठी गोष्ट रचायची नसते, हेही यातून दिसतं. प्रयोगाने शक्यता दाखवली. गावच्या पाण्यात प्रत्यक्ष तसं घडतं का, हे गावचं पाणी तपासल्याशिवाय कसं कळणार?

निसर्गात या नात्यांची गुंतागुंत किती असते याचा माझा आवडता दाखला मात्र कॅलिफोर्नियातला आहे. तिथे झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात एडिस सिएरेन्सिस हा डास वाढतो आणि त्याच पाण्यात लॅम्बॉर्नेला क्लार्की हा केसाळ आदिजीव राहतो. एरवी तो बिचारा जिवाणू खाऊन जगतो आणि डासाच्या अळ्या त्यालाच खातात. पण अळ्या आल्या की त्यांच्या पाण्यात उतरलेल्या कसल्याशा द्रव्याचा त्याला सुगावा लागतो आणि तो रूप पालटतो. गोल होतो, अळीच्या कातडीला चिकटतो, भोक पाडून आत शिरतो आणि तिला आतून खायला लागतो. शिकार शिकाऱ्यावर उलटते. 1988 मध्ये हे शोधणाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं तेव्हा चांगलीच चर्चा झाली होती. पुढचं आणखी नवल. लागण होऊनही जी मादी जगते तिच्या अंडाशयात हे आदिजीव भरतात, आणि ती अंडी घालायला दुसऱ्या ढोलीवर जाते तेव्हा अंड्यांऐवजी हेच पाण्यात सोडते. डासाच्या पंखांवर बसून परजीवी गावभर.

कोकणात ढोल्यांना तोटा नाही. आंबा, फणस, वड, किंजळ, जुन्या चिंचा. त्यांत साठलेल्या काळ्या पाण्यात काय चाललं आहे? कॅलिफोर्नियातलं उत्तर इथे चिकटवून भागणार नाही. डास वेगळा, झाड वेगळं, वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मग आठ महिने कोरडे.

मायक्रोस्पोरिडियाची गोष्ट अधिक गंभीर. पूर्वी यांना आदिजीव म्हणत, आता त्यांची सोयरीक बुरशीशी लागली आहे; आपल्या कामापुरतं ते डासांच्या पेशींत राहणारे परजीवी आहेत एवढं पुरे. त्यांतल्या एडहाझार्डिया एडिस या जातीवर अमेरिकेत फ्लोरिडात बरंच काम झालं. ती एडिस इजिप्तीची खास वैरीण. आईकडून अंड्यांत उतरते, पुढच्या पिढीच्या अळ्या मारते, त्या मेल्या की पाण्यात बीजाणू पसरतात. बंदिस्त जागेत पाळलेल्या डासांवर ती भरपूर सोडली तेव्हा काही आठवड्यांत तिथला डास संपला. मग ती आज दुकानात का नाही? कारण ती वाढवायची तर जिवंत डास पाळूनच वाढवावी लागते. टाकीत मळी घालून आंबवता येत नाही.

उलट डासाच्या अळ्या मारणाऱ्या बीटीआयचं बघा. 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात एका डबक्यातल्या मेलेल्या अळ्यांतून हा जिवाणू मिळाला. तो कारखान्यात टाक्यांमध्ये वाढवता येतो, पावडर करून पोत्यात भरता येतो, त्यामुळे जगभर गेला. विज्ञानात कोणता उपाय बाजारात टिकतो हे पुष्कळदा कारखानाच ठरवतो. याचं मला वाईट वाटत नाही, फक्त 'मिळतं तेवढंच अस्तित्वात आहे' असं समजू नये.

आणि एक जात अशी की जिच्यामुळे सगळ्यांनीच कानाला खडा लावला. नोसेमा अल्जेरी. अ‍ॅनोफिलिसला मारते म्हणून 1970च्या दशकात तिचे प्रत्यक्ष पाण्यात सोडून प्रयोग झाले. माणसाच्या अंगात ती वाढणं शक्य नाही, इतक्या उष्णतेत टिकणार नाही, असा भरवसा होता. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्ण स्त्रीच्या मृत्यूचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात आला. संधिवातासाठी तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती आणि तिच्या स्नायूंत हाच डासाचा परजीवी वाढलेला होता. असे रुग्ण अत्यंत विरळा. पण आज कोकणातल्या तालुक्याच्या गावीही कर्करोगाचे, मूत्रपिंड बदललेले, स्टेरॉइडवर असलेले रुग्ण आहेत. पाण्यात काही सोडताना आपण त्यांच्याही विहिरीत सोडतो.

ज्यांना ही फार दूरची भीती वाटते त्यांनी कोळंबी प्रकल्पवाल्याशी बोलावं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या तळ्यांत व्हॅनामी कोळंबी करणाऱ्या माणसाला ईएचपी ही तीन अक्षरं ऐकली की घाम फुटतो. कोळंबी मरत नाही, पण वाढतही नाही. खाद्याचं बिल चढत राहतं आणि काढणीच्या वेळी माल बोटभर निघतो. हा ईएचपीसुद्धा मायक्रोस्पोरिडियाच. 2009 मध्ये थायलंडात त्याचं वर्णन झालं आणि आशियाभर तो पसरला. डासांतल्या जाती कोळंबीला लागतात असं मी अजिबात म्हणत नाही. म्हणायचं इतकंच, की या टोळीतल्या जीवाला एकदा पाण्यात पाय ठेवायला जागा मिळाली की परत बोलावता येत नाही, हे आपल्या किनाऱ्याने स्वतःचे पैसे घालवून शिकलं आहे.

तरीही दार कायमचं लावून घ्यावं अशातला मी नाही. केनियातल्या संशोधकांनी 2020 मध्ये सांगितलं की तिथल्या अ‍ॅनोफिलिस अरेबिएन्सिस डासांत एक मायक्रोस्पोरिडिया सापडला, त्याला त्यांनी नुसतं 'एमबी' म्हटलं, आणि तो ज्या डासात असतो त्याच्यात हिवतापाचा जंतू वाढतच नाही. डासाला तो फारसा त्रासही देत नाही. आईकडून पोरांत जातो, नर-मादीच्या मीलनातूनही पसरतो. डास मारायचा नाही, फक्त त्याच्या पोटातली हिवतापाची जागा आधीच भरून टाकायची. वोल्बाकिया जिवाणूने डेंग्यूच्या बाबतीत हेच केलं. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या चाचणीत डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी आढळला, आणि 2022 मध्ये पुदुच्चेरीच्या आपल्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रानेही वोल्बाकियावाले एडिस तयार केल्याचं जाहीर केलं. पण केनियातल्या शोधात मला भावलेली गोष्ट निराळी आहे. तो जीव कुणी प्रयोगशाळेत घडवला नव्हता. तळ्याकाठचे, भातशेतीतले डास पकडून, त्यांच्या अंगात काय काय आहे ते चिकाटीने बघत बसलेल्या माणसांना तो मिळाला.

आपल्याकडे अशी बघत बसणारी माणसं कुठे आहेत? आरोग्य सेवक घरोघरी येतात, पिंपांत बॅटरी मारून बघतात, अ‍ॅबेट या अळीनाशकाचे दोन थेंब टाकतात, दारावर खडूने तारीख लिहितात. त्यांच्या तक्त्यात तपासलेली घरं, अळी सापडलेली घरं, तपासलेली भांडी, अळी सापडलेली भांडी, एवढे रकाने असतात. अळी कोणत्या जातीची, निरोगी की आजारी, हा रकाना नसतो. हिवताप विभागात कीटक समाहारक असं एक पद आहे, त्याचं कामच डास गोळा करून ओळखायचं. आपल्या जिल्ह्यात ती पदं किती, भरलेली किती, असा प्रश्न जिल्हा परिषदेत विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही. धुराच्या मशीनबद्दल मात्र सगळे विचारतात.

बाहेरून आलेल्या फॉर्म्युल्याने इथलं पाणी कळत नाही, कारण इथलं पाणी साठतं ते अगदी इथल्याच रीतीने. 1 जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात, ताडपत्रीने शाकारतात. त्या ताडपत्रीच्या खोलगट घडीत पहिल्याच सरीचं पाणी बसतं ते नारळी पौर्णिमेपर्यंत. जेटीला आणि ट्रॉलरच्या कडेला धक्का लागू नये म्हणून टांगलेल्या टायरांत सदैव ओंजळभर पाणी. मासळीचे फुटके क्रेट, बर्फाच्या जुन्या पेट्या, जाळ्यांवरचं प्लास्टिक. वाडीत गेलं तर नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, पागोळीखाली धरलेली पिंपं, गुरांच्या दगडी डोणी. सड्यावर चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणी, ज्यांत माणूस बुडेल इतकं पाणी आणि कुंपण नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा झाल्या, तिथे प्रत्येक झाडाला चीक धरायची वाटी. केरळात 2007 मध्ये चिकुनगुन्याच्या विषाणूत एक छोटा बदल झाला आणि तो पांढऱ्या पट्ट्यांच्या बागेतल्या डासाला अधिक मानवला. त्या साथीने तिथल्या रबर-नारळाच्या मुलखाला कसं आडवं केलं ते आठवावं. आपलाही मुलूख त्याच वळणाचा होत चाललाय.

ही सगळी पाणी एकसारखी नाहीत. सड्यावरच्या उथळ डबक्यांत बेडकांची पिल्लं, पाणकिडे, चतुरांच्या अळ्या असतात आणि तिथे डासाला जगणं अवघड. टायरात त्यांपैकी कुणी पोहोचत नाही, तिथे डासाचं राज्य, आणि त्याच्यावर काही वचक असलाच तर तो या सूक्ष्म परजीवींचा. मग दोन्हीकडे तेच औषध का ओतायचं? जिथे निसर्ग स्वतः काम करतोय तिथे औषध टाकून आपण डासाचे वैरी मारतो. कुठे तो काम करतोय आणि कुठे नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजल्याचा उपयोग होतो याला या किनाऱ्यावरच दाखले आहेत. मुंबईत हिवतापाने कहर केला होता तेव्हा बेंटली या हिवताप-तज्ज्ञांनी शहराची पाण्याची ठिकाणं तपासली. 1911 च्या त्यांच्या अहवालाने दाखवलं की दोष दलदलीचा नसून घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सायचा आहे. त्यावरून विहिरी झाकण्या-बुजवण्याची मोहीम निघाली, धर्माच्या नावाने तिला विरोधही झाला, पण कुठे घाव घालायचा ते शहराला कळलं. पणजीत 1990च्या दशकात शास्त्रज्ञांनी बीटीआय वापरताना जोडीला बाहेरच्या गप्पीऐवजी तिथल्याच पाण्यातला, डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा मासा घेतला आणि स्टीफेन्साय आटोक्यात आणून दाखवला. मासा इथलाच होता, फक्त कुणीतरी त्याच्याकडे नीट बघितलं. उलट बाजूला हिवताप निर्मूलनाचा आपला राष्ट्रीय अनुभव आहे: 1953 मध्ये नियंत्रण कार्यक्रम, 1958 मध्ये थेट निर्मूलनाची घोषणा, डीडीटीच्या जोरावर रुग्ण लाखभरापर्यंत खाली, आणि मग 1976 मध्ये 64 लाखांवर. एका हत्यारावर भिस्त ठेवली आणि दरम्यान डासांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा ढिली पडू दिली. डास औषधाला सरावले, आपण मात्र सरावलो नाही.

एक आक्षेप रास्त आहे. लोक आज आजारी आहेत, तुमचं संशोधन कधी पुरं होणार? त्याचं उत्तर असं की आजचं काम आज करायचंच आहे आणि त्यासाठी धूर लागत नाही. आठवड्यातून एक दिवस घरातली पिंपं, टाक्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासणं, नुसतं ओतून देणं नव्हे, कारण एडिसची अंडी पाण्याच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. टायरांना भोकं पाडणं. होडीची ताडपत्री ताणून बांधणं. मच्छीमार सोसायट्यांनी एवढा एक नियम केला तरी किनाऱ्यावरच्या वाड्यांत फरक पडेल. हे सगळं चालू ठेवूनच दुसरीकडे बघण्याचं काम उभं करता येतं.

त्याला लागणारी माणसं बाहेरून आणायची नाहीत. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, तिथे कीटकशास्त्राचा विभाग आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक तालुक्यांत एखादं तरी विज्ञान महाविद्यालय आहे, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुली आहेत, ज्यांना पदवीच्या प्रकल्पासाठी दरवर्षी तेच ते फुलपाखरांचं नाहीतर पक्ष्यांचं यादीकाम दिलं जातं. फुलपाखरांशी माझं वैर नाही. पण त्याच मुलींनी पावसाळाभर एका गावातली ठरावीक पाणी दर पंधरवड्याला तपासली, अळ्यांची जात लावली, थोड्या अळ्यांची आतडी काढून बघितली, पांढऱ्या पडलेल्या अळ्या अल्कोहोलात घालून पुण्याला पाठवल्या, तर चार वर्षांत आपल्याकडे असं काही जमेल की जे कुठल्याही कंपनीकडे नसेल. उद्या कुणी कोकणात वोल्बाकिया सोडायचा किंवा केनियातल्यासारखा परजीवी आणायचा प्रस्ताव घेऊन आला तर त्याला विचारता येईल: आमच्या डासांत आधीच काय आहे ते हे घ्या, तुमचा पाहुणा याच्यासोबत नांदेल का, ते सांगा. आज तसं विचारायला आपल्या हातात कागद नाही. मग एकतर आपण डोळे मिटून हो म्हणू, नाहीतर घाबरून नाही म्हणू.

खर्चाचं म्हणाल तर सूक्ष्मदर्शक महाविद्यालयांकडे आहेत. बश्या, सुया, काचपट्ट्या, अल्कोहोल आणि मुलींचा एसटीचा पास. ग्रामपंचायती वित्त आयोगाच्या पैशातून धुराचं मशीन घेऊ शकतात तर एवढं का नाही? आणि समाहारकाची रिकामी पदं भरून त्या माणसाला या महाविद्यालयांना जोडून द्यावं. त्याला जात ओळखता येते, मुलींना भिंग हाताळता येतं, दोघांना एकमेकांची गरज आहे.

15 ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा होते, ऐन डेंग्यूच्या दिवसांत. तिथे झेंड्यानंतर चहा-बिस्किटं घेऊन परत न येता दोन प्रश्न विचारावेत. यंदा धुरासाठी डिझेल किती लिटर लागलं? आणि आपल्या गावातल्या किती अळ्या कुणी भिंगाखाली घातल्या? पहिल्याचं उत्तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे पावतीसकट तयार असेल. दुसऱ्याला तो आरोग्य खात्याचं नाव सांगेल, तेव्हा तसा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवा आणि ठरावाची प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही द्या.